नवी चेन, जुने दाते

चि. बाबू यास,


तुझा फोन ठेवला तेव्हापासून तेच मनात घोळतंय. चेनसॉची नवी चेन आठ दिवसांत सैल पडते, कापताना धडधडते, म्हणालास. दुकानदाराशी भांडू नकोस, दोष चेनचा दिसत नाही. कव्हर काढ आणि चेन फिरवणारं आतलं स्प्रॉकेट बघ. दात्यांवर चेनने चर पाडलेले असतील. ते अर्धा मिलिमीटर खोल गेले की स्प्रॉकेट संपलं. झिजलेल्या दात्यांत नव्या चेनच्या कड्या नीट बसत नाहीत आणि जुन्याची झीज नवीला खाते. दोन चेन संपल्या की तिसरीबरोबर स्प्रॉकेटही नवं घालायचं.

हे मी २०२० साली शिकलो. ३ जूनला निसर्ग वादळ आलं, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बागा आडव्या झाल्या. महिनाभर मशीन हातातून सुटलं नाही. पडलेल्या खोडांना चिखल-रेती लागलेली, त्यामुळे चेन भराभर जात होत्या. मी चेन बदलत राहिलो, स्प्रॉकेट तेच. तिसरी चेन तुटली आणि माझ्या गुडघ्याजवळून गेली. तेव्हाचे शेदोनशे रुपये वाचवल्याचं मला आजही वाईट वाटतं.

स्प्रॉकेट काढताना आधी प्लगची वायर काढ आणि चेन ब्रेक सोडलेला ठेव. क्लच बाहेरच्या बाजूला असला, तर बहुतेक मशिनांत त्याचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलास की सुटतो. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोड. लोखंडी काही घालू नकोस, पिस्टन फुटेल. आतल्या नीडल बेअरिंगला ग्रीस लावल्याशिवाय क्लचचा ड्रम परत बसवायचा नाही.

आता बार, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी. कापलेला तुकडा वाकडा निघतो म्हणालास, त्याचं कारण बहुधा इथेच आहे. बार काढून सपाट फरशीवर कडेवर उभा कर. एका बाजूला कलला, तर एक कड जास्त झिजली आहे. कडांना आलेली बारीक खरबड सपाट कानशीने घास. खाचेतला भुसा पातळ पत्र्याने काढ, तेलाचं भोक तारेने मोकळं कर. चेन धारेला लावशील तेव्हा दर वेळी बार उलटा करून बसव, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. पण चेनच्या खालच्या कड्यांची टोकं खाचेच्या तळाला टेकू लागली, किंवा बोटाने ढकलल्यावर चेन बाजूला झुकू लागली, तर बार बदलच. कडा निळ्या पडल्या असतील तर तेल पोचत नाही असं समज. मशीन चालू करून बारचं टोक पांढऱ्या कागदासमोर धर, तेलाची रेघ उमटायला हवी. इंजिनातून काढलेलं काळं तेल चेनला कधी घालू नकोस.

काम संपलं की गरम चेन सैल करून ठेव. थंड होताना ती आकसते आणि सगळा ताण क्रँकशाफ्टवर येतो.

नवा बार घेताना जुना सोबत ने. त्याच्या मुळाशी पिच आणि खाचेची जाडी कोरलेली असते. अक्षरं झिजली असतील, तर चेनच्या लागोपाठ तीन रिवेटांमधलं अंतर मोजून निम्मं कर, तीच पिच. तिन्हींत मिळून १९ मिलिमीटर आलं तर ३/८ इंचाची पिच.

रविवारी सकाळच्या एसटीने येतो. बार सोडवून घासलेटात भिजत ठेव. कानस माझ्याकडची आणतो.

तुझा,
काका