हायब्रीड मोटार परवडते काय?

आपल्या महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत 'हायब्रीड' हा शब्द प्रथम आला तो मोटारीबरोबर नव्हे, तर ज्वारीबरोबर. १९६४ सालीं 'सीएसएच-१' ही संकरित ज्वारी प्रसृत झाली, आणि थोड्याच वर्षांत हायब्रीड म्हणजे ज्वारी, असें समीकरण शेतकऱ्यांच्या तोंडीं बसलें. दाणा अधिक मिळे. पण भाकरी जुन्या ज्वारीसारखी होत नाहीं, अशी घरोघर तक्रार असे. अधिक लाभ आणि त्यासाठीं मोजावें लागणारें मोल, या दोहोंचा ताळा पाहावा लागतो. तोच ताळा आज हायब्रीड मोटारीविषयीं पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय सुचण्यास एक निमित्त घडलें. आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील जुनी मोटार विकून नवी घ्यावी, या विचारांत होते. विक्रेत्यानें त्यांस सांगितलें कीं, हायब्रीड मोटार साध्या पेट्रोल मोटारीहून ३ लाख रुपयांनीं महाग असली, तरी इंधनाच्या बचतींत ती रक्कम सहज भरून येते. ते ३ लाख म्हणजे मुलीच्या उच्च शिक्षणासाठीं बँकेंत ठेविलेली ठेव. ती मोडावी कीं न मोडावी, असें त्यांनीं आम्हांस विचारलें, आणि आम्ही उत्साहाच्या भरांत 'अवश्य घ्या' असें म्हणून गेलों. घरीं येऊन कागद पुढें घेतला, तेव्हां आपण गणित न करितांच उत्तर दिलें, हें ध्यानांत आलें. गणिताच्या शिक्षकास ही गोष्ट खचित शोभण्यासारखी नव्हती.

प्रथम ही मोटार चालते कशी, तें पाहूं. हिच्यांत पेट्रोलचें इंजिन आणि विजेची मोटर, अशीं दोन यंत्रें असतात. कल्पना नवी नव्हे. फर्डिनांड पोर्शे यांनीं १९०० च्या सुमारास अशी गाडी तयार केली होती. परंतु मोठ्या संख्येनें विकली गेलेली पहिली हायब्रीड मोटार म्हणजे टोयोटा कंपनीची 'प्रियस'. ती जपानांत १९९७ च्या डिसेंबरांत विक्रीस आली. भारतांत २०२२ सालीं होंडा सिटी, मारुती ग्रँड विटारा व टोयोटा हायरायडर या मोटारी हायब्रीड स्वरूपांत आल्या, आणि मध्यम स्थितींतील घरांतही हा प्रश्न निघूं लागला.

साधी मोटार ब्रेक लावून थांबते, तेव्हां तिची गति कोठें जाते? ब्रेक तापतात, आणि गतीची ऊर्जा उष्णता होऊन हवेंत विरते. माणसांसह १,२०० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशीं ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदास १५ मीटर वेगानें चालली आहे, असें धरा. वस्तुमानास वेगाच्या वर्गानें गुणून निम्में केल्यास १,३५,००० जूल हें उत्तर येतें. एक लिटर पेट्रोलांत सुमारें ३ कोटी ४० लाख जूल ऊर्जा असते. साधें इंजिन तिचा चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोंचवितें असें मानल्यास, एकदां थांबण्यांत सुमारें १६ मिलिलिटर, म्हणजे एक मोठा चमचाभर पेट्रोल वायां जातें. हायब्रीड मोटारींत थांबतेवेळीं विजेची मोटर उलट जनित्राचें काम करिते आणि या ऊर्जेचा कांहीं भाग बॅटरींत साठविते. पुन्हा निघतांना तोच उपयोगी पडतो. शिवाय गाडी उभी असतां इंजिन बंद राहतें.

यावरून एक गोष्ट सिद्ध होते. जेथें पदोपदीं थांबावें लागतें, तेथेंच या मोटारीचा खरा लाभ; लांबच्या मोकळ्या रस्त्यावर तो पुष्कळच कमी होतो. दुसरी सूचना अशी कीं, 'माइल्ड हायब्रीड' म्हणून विकल्या जाणाऱ्या मोटारींत विजेची मोटर लहान असते. ती इंजिनास केवळ हातभार लाविते. नांवांत हायब्रीड आहे एवढ्यावरून दोहींस एक समजूं नये.

आतां खर्चाचें गणित. होंडा सिटीस २०२२ सालच्या अधिकृत आंकड्यांप्रमाणें लिटरमागें साध्या स्वरूपांत १७.८ आणि हायब्रीड स्वरूपांत २६.५ किलोमीटर मिळतात. पण असे आंकडे प्रयोगशाळेंत, रुळांवर चाकें फिरवून, ठरावीक क्रमानें काढितात. खऱ्या रस्त्यावर खड्डे, चढ, गर्दी आणि वातानुकूलन यांमुळें ते खालीं येतात. म्हणून आम्हीं गर्दीच्या शहरासाठीं साध्या मोटारीस १२.५ व हायब्रीड मोटारीस २० किलोमीटर धरिले, आणि सोयीसाठीं पेट्रोलचा भाव १०० रुपये. किलोमीटरमागें एकीस ८ रुपये लागतात, दुसरीस ५. बचत ३ रुपयांची. तेव्हां ३ लाख भरून येण्यास १ लाख किलोमीटर प्रवास हवा. वर्षाकाठीं २५,००० किलोमीटर फिरणाऱ्यास ४ वर्षें लागतील, १०,००० फिरणाऱ्यास १० वर्षें.

इतकें गणित विक्रेताही करितो. त्याच्या कागदावर व्याज मात्र नसतें. ३ लाखांवर शेंकडा ७ दरानें पहिल्याच वर्षीं २१,००० रुपये व्याज बुडतें. १०,००० किलोमीटर फिरणाऱ्याची बचत ३०,००० रुपये. म्हणजे मुद्दलापैकीं केवळ ९,००० फिटतात. याच रीतीनें वर्षामागून वर्ष हिशेब मांडीत गेल्यास सर्व रक्कम फिटण्यास सुमारें १८ वर्षें लागतात, आणि खाजगी मोटारीची पहिली नोंदणी तर १५ वर्षांचीच असते! उलट २५,००० किलोमीटर फिरणाऱ्याची रक्कम व्याजासह सुमारें ५ वर्षांत फिटते. मोटार तीच, किंमत तीच. फरक केवळ वापराचा.

आतां अन्य मार्ग. सीएनजी मोटारीस सुमारें १ लाख अधिक पडतात असें समजूं. किलोग्रॅमास ८० रुपये व त्यांत २० किलोमीटर धरल्यास किलोमीटरमागें ४ रुपये लागतात, आणि २५,००० किलोमीटरांत अधिक मोल फिटतें. मात्र सामानाच्या जागेंत टाकी बसते आणि पंपापुढें रांगेंत उभें राहावें लागतें. विजेच्या मोटारीस घरच्या विजेचा दर ९ रुपये व एका युनिटांत ६ किलोमीटर धरल्यास अवघा दीड रुपया पडतो. पण तीस घरीं भरण्याची सोय हवी. कराचाही विचार करावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरांहून लांब पेट्रोल व हायब्रीड मोटारींवर जीएसटी ४० टक्के, आणि विजेच्या मोटारीवर ५ टक्के आहे.

धुराचा विचार केल्यास लिटरभर पेट्रोलापासून सुमारें २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे आमच्या हिशेबांतील हायब्रीड मोटारीचा किलोमीटरमागें ११५ ग्रॅम, साध्या मोटारीचा १८४. आपली बरीचशी वीज अद्याप कोळशापासून होते, युनिटमागें ०.७ किलोग्रॅम धरल्यास विजेच्या मोटारीच्या वांट्यासही सुमारें ११७ ग्रॅम येतात. परंतु सौर वीज वाढेल तसा हा आंकडा उतरेल. पेट्रोलचा उतरणार नाहीं.

हा कागद घेऊन आम्ही त्या गृहस्थांकडे गेलों आणि आपलें पहिलें मत परत घेतलें. त्यांची कन्या तेथेंच बसली होती. तिनें कागद वाचून नम्रपणें विचारलें, "सर, बाबांचा बहुतेक प्रवास हमरस्त्यावरचा आहे, तेथें ३ रुपये कसे वांचतील?" तिचें म्हणणें सर्वस्वीं बरोबर होतें, आम्हीं शहराचा आंकडा गांवाकडच्या मोटारीस लाविला होता. वर्षाचे ९,००० किलोमीटर, तेही मोकळ्या रस्त्यावर! त्यांनीं जुन्या मोटारीचे टायर व क्लच बदलून घेतले, आणि ठेव जागच्या जागीं राहिली. मात्र त्यांचे मेहुणे पुण्यांत भाड्याची मोटार चालवितात, आणि दिवसाकाठीं १५० किलोमीटर गर्दींतून जातात. हायब्रीड मोटार घेण्याचा सल्ला त्यांस आम्हीं निःशंकपणें दिला.

पालकांस आमची विनंती अशी कीं, दुकानीं जाण्यापूर्वीं आपल्या मोटारीचे किलोमीटर दर महिन्यास टिपून ठेवावे. आणि विद्यार्थ्यांनीं हें उदाहरण सोडवावें: पेट्रोलचा भाव १२० रुपये झाला, व्याजाचा दर शेंकडा ६ झाला, आणि वर्षाचा प्रवास १५,००० किलोमीटर असला, तर ३ लाख किती वर्षांत फिटतील? उत्तर वर्गांत आणून दाखवावें. आणि आमच्या मांडणींत चूक आढळल्यास त्या मुलीप्रमाणें तीही निःसंकोच सांगावी.