वर्गात जावे की घरीच करावे?

प्रश्न : वय ५४, गुडघे आखडतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे. आमच्या तालुक्याच्या गावी छोटा योगवर्ग आहे. मोबाईलवर बघून घरीच आसने केली तर चालणार नाही का?

उत्तर : सुरुवात तरी वर्गातच करा. मोबाईल आसन दाखवतो, पण तुमच्याकडे बघत नाही. त्रिकोणासनात हात जमिनीला टेकवायच्या नादात पुढचा गुडघा मागे ताणला जातो आणि करणाऱ्याला ते कळतही नाही. शिक्षकाला ते दिसते. तो हाताखाली लाकडी वीट ठेवतो आणि गुडघ्यावरचा ताण हटतो. वीट, पट्टा, खुर्ची यांचा असा शिस्तशीर वापर पुण्यात योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी रुळवला, तो ताठर आणि आजारी शरीरांनाही आसन जमावे म्हणूनच. त्यामुळे ‘मला वाकता येत नाही’ ही अडचण वर्ग टाळण्याचे कारण ठरत नाही. छोट्या वर्गात माणसे कमी, म्हणून प्रत्येकाकडे लक्ष जास्त. आणि चार दिवस दिसला नाहीत तर कुणीतरी विचारतेच, सातत्य टिकते ते त्यामुळेही.

गावातला शिक्षक कितपत शिकलेला असेल, ही शंका मात्र रास्त आहे. त्याने प्रशिक्षण कुठे घेतले, हे निःसंकोच विचारा. तुमचे आजार न विचारताच पहिल्या दिवशी शीर्षासन करवणारा वर्ग सोडा. रक्तदाब आटोक्यात आहे का, हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. श्वास रोखून धरू नका आणि गोळी स्वतःहून बंद करू नका.