दाब सोडताना दम धर

पोरी, एम. फार्म.च्या प्रोजेक्टला तू सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडमध्ये क्रिस्टल वाढवायचं काम घेतलंस, हे तुझ्या आईकडून कळलं. सिद्धांत तुझे गाइड शिकवतीलच. माझी उभी नोकरी नाशिकच्या सातपूर-अंबड पट्ट्यात औषधांचे क्रिस्टल काढण्यात झाली. पुस्तकात ओझरत्या येणाऱ्या गोष्टी तेवढ्या सांगतो.

यंत्राला हात लावण्याआधी घरी खडीसाखर कर. हसू नकोस, साखर हाही सेंद्रिय स्फटिकच. पाण्याच्या तिप्पट साखर गरम करून विरघळव आणि पाक दोन भांड्यांत ओत. एकात साखरेचा एक चांगला खडा दोऱ्याला बांधून सोड, भांडं गोधडीत गुंडाळ आणि विसरून जा. दुसरं भांडं थंड पाण्यात ठेवून चमच्याने घोटत राहा. पहिल्यात खडा वाढेल, दुसऱ्यात बारीक रवा पडेल. द्रावणात मावेल त्याहून थोडाच माल जादा असला की तो आहे त्या खड्यावर जाऊन बसतो. जादा फार झाला की जागोजागी नवे कण जन्मतात आणि कुणालाच वाढायला काही उरत नाही. तुझ्या सगळ्या प्रोजेक्टचं मर्म एवढंच आहे. फक्त तुझ्याकडे हा जादा माल तयार होतो दाब उतरवल्याने.

आणि तिथेच गोम आहे. 31.1 अंश आणि 73.8 बारच्या वर गेला की कार्बन डायऑक्साइड ना धड द्रव राहतो, ना धड वायू. हा त्याचा क्रांतिक बिंदू, आणि त्यापलीकडचा तो सुपरक्रिटिकल. 40 अंशांवर 100 बारला त्याची घनता लिटरला साधारण 630 ग्रॅम असते. 80 बारला ती 280 वर येते. काटा वीस बारने उतरला आणि घनता निम्म्याहून खाली! विरघळवायची ताकद तर त्याहूनही जास्त घसरते, आणि भांडंभर एकाच वेळी. ग्लासगोच्या हॅने आणि होगार्थ यांनी हे 1879 मध्येच पाहिलं होतं. अल्कोहोलच्या अशा वाफेत त्यांनी पोटॅशियम आयोडाइड विरघळवलं होतं. दाब कमी करताच नळीत ते बर्फासारखं भुरभुरलं, काही काचेवर हिवासारखं धरलं. औषधांसाठी पुष्कळदा असाच भुरभुरा चुरा हवा असतो, आणि तो काढायचा तर मुद्दाम बारीक नॉझलमधून दाब फटकन सोडतात. तुला एक्स-रेखाली धरण्याजोगा, निदान 0.1 ते 0.3 मिलिमीटरचा क्रिस्टल हवा आहे. तेव्हा नीडल व्हॉल्वने दाब रात्रभर, सावकाश उतरव. भाव पडायच्या आत माल काढायची घाई आपल्या नामपूरच्या कांद्याला शोभते, इथे नाही.

सुरुवात नॅप्थलीनने कर. स्वस्त आहे, सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडमध्ये छान विरघळतं आणि त्यावर भरपूर काम झालेलं आहे. मात्र शुद्ध नॅप्थलीन घे, दुकानातल्या डांबरगोळ्या नकोत. त्यात कधी कधी वेगळंच रसायन असतं. एक चकवा ध्यानात ठेव. हवेत नॅप्थलीन 80 अंशांवर वितळतं, पण जबर दाबाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये ते 60 अंशांच्या आसपासच वितळायला लागतं. वितळलेल्या थेंबाला क्रिस्टल समजून मोजमापं लिहू नकोस. भांड्याच्या सफायरच्या खिडकीतून डोळ्यांनी बघ.

दुसरा चकवा उष्णतेचा. क्रांतिक बिंदूच्या जवळपास, दाब कायम ठेवून तापमान वाढवलं तर माल कमी विरघळतो. म्हणजे तापवून क्रिस्टल वाढवता येतात, आणि हा मार्ग मला दाब उतरवण्यापेक्षा जास्त आवडतो, कारण अंशाच्या दहाव्या भागाने पुढे सरकता येतं. पण ‘दाब कायम ठेवून’ हे शब्द गिळू नकोस. दाब धरून ठेवणारा बॅक प्रेशर रेग्युलेटर न लावता बंद भांडं तापवलंस तर दाब चढतो, घनता तीच राहते आणि वाढत आलेला क्रिस्टल उलट विरघळू लागतो. एसी चालू-बंद होतो तेवढ्यानेही फरक पडतो, म्हणून भांड्याला वॉटर बाथ लाव.

आता दाब चढवणारा पंप. नामपूरला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा इथल्या एसी नसलेल्या ऑफिसातल्या कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामक सिलिंडरमध्ये द्रव असा उरतच नाही. आत असतो तो सुपरक्रिटिकलच. तुझ्या सिलिंडरचंही तेच होईल. पंपाला मात्र द्रव लागतो. तो मिळाला नाही की पंप नुसता वायू दाबत बसतो आणि पडद्यावरचा फ्लो धादांत खोटा असतो. सिलिंडर तळापर्यंत नळी असलेला, डिप-ट्यूबचा माग, गार खोलीत ठेव, पंपाचं डोकं चिलरने आधी चांगलं गार होऊ दे. उन्हाळ्यात सकाळी लवकर काम लाव.

साखरेसारख्या, मिठासारख्या वस्तू सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडमध्ये विरघळत नाहीत. पुष्कळ औषधंही नाहीत. अशा वेळी औषध अॅसिटोनमध्ये विरघळवून त्यात कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो अॅसिटोनमध्ये शिरतो आणि औषधाला बाहेर काढतो. इथेही तेच, हळू सोड. आयआयटी मुंबईच्या ममता मुखोपाध्याय यांचं 2000 सालचं पुस्तक वनस्पतींच्या अर्कांवर आहे, पण विद्राव्यतेचं गणित समजायला ते तुझ्या कामाचं आहे. ग्रंथालयात माग.

राहिलं जिवाचं. भांड्याचे आणि सिलिंडरचे कागद स्वतः बघ; सिलिंडर नागपूरच्या पेसोच्या, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेच्या मान्यतेतला हवा. जादा दाबाला फुटून भांडं वाचवणारी रप्चर डिस्क बंद करून कुणी ‘चालतंय’ म्हणालं तर तिथून नीघ. दोन बंद व्हॉल्वमध्ये गार द्रव अडकवून ठेवू नकोस. तो खोलीच्या तापमानाला आला की दाब कुठल्या कुठे जातो. हा वायू हवेपेक्षा जड, खाली साचतो, वासही येत नाही. तेव्हा बाहेर सोडायची नळी थेट खिडकीबाहेर. व्हायटॉनच्या ओ-रिंगमध्ये तो मुरतो आणि दाब झटकन उतरला की तिला फोड येतात. म्हणून प्रत्येक खेपेनंतर रिंग काढून बघ, शंका आली तर बदल. दाब असताना नटाला पाना लावायचा नाही, थेंबभर गळत असलं तरी.

आणि शनिवारी दुपारची सटाण्याची बस गाठायची असेल, तर त्या दिवशी दाब चढवूच नकोस.