रस्त्याचा वर्ग आणि गावाची वाट

रस्त्याच्या कडेचा किलोमीटरचा दगड केवळ अंतर सांगत नाही. त्याच्या माथ्याचा रंग पिवळा असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग. पंतप्रधान ग्राम सडक योजनेतील रस्त्यावर हाच माथा नारिंगी असतो. प्रवाशाच्या दृष्टीने ही खूण किरकोळ असली, तरी त्या रस्त्याची रुंदी किती, थर किती जाडीचा आणि पावसाळ्यात मोरी खचल्यास जबाबदारी कोणत्या कार्यालयाची, हे सारे त्या वर्गावरून ठरते.

या वर्गवारीचा पाया महाराष्ट्रातच घातला गेला. डिसेंबर १९४३ मध्ये देशातील मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूर येथे भरली आणि तिने वीस वर्षांची योजना आखली. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग ही उतरंड तेव्हापासून रूढ झाली. जिल्हा मार्गांचे पुढे 'प्रमुख' व 'इतर' असे दोन भाग पडतात. विकसित शेतीच्या प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून, म्हणजे सुमारे आठ किलोमीटरहून, दूर असू नये, ही त्या योजनेतील अपेक्षा आजही विचार करण्याजोगी आहे. रस्त्यांचे नियोजन वाहनांच्या संख्येवरून नव्हे, तर गावाच्या अंतरावरून करण्याचा तो प्रयत्न होता.

व्यवस्थापनाची विभागणी सर्वसाधारणपणे अशी आहे. राष्ट्रीय महामार्ग १९५६ च्या कायद्यान्वये केंद्र शासनाच्या अखत्यारीत येतात. त्यांची कामे भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण अथवा राज्याची महामार्ग यंत्रणा पाहते. राज्य मार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे येतात. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यापासून गावाशी सर्वांत निकट असलेली ही यंत्रणा आहे. मात्र तिच्या वाट्याला रस्ते अधिक आणि निधी अपुरा, अशी स्थिती असते.

वर्गानुसार मानकेही बदलतात. सपाट व मोकळ्या भागात राष्ट्रीय महामार्ग आणि राज्य मार्गासाठी जमिनीची सर्वसाधारण रुंदी ४५ मीटर, प्रमुख जिल्हा मार्गासाठी २५, इतर जिल्हा मार्गासाठी १५ आणि ग्रामीण मार्गासाठी १२ मीटर धरली जाते. हा फरक वाहतुकीच्या अंदाजावर आधारलेला आहे, आणि नेमकी येथेच अडचण उद्भवते. गळीत हंगामात उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर रस्त्याचा वर्ग पाहून निघत नाही. तो शेतातून निघतो आणि पहिला भार ग्रामीण मार्गावरच पडतो. आसावरील भार दुप्पट झाल्यास रस्त्याचे नुकसान सुमारे सोळापट होते, असा अभियांत्रिकीतील अनुभव आहे. त्यातच खाली काळी कापशी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा पातळ थर तिच्याबरोबर फाटतो. एक-दोन हंगामांतच रस्ता खडीवर येतो. मग एस.टी.ची फेरी बंद होते, दुधाचा टेम्पो वळसा घालू लागतो, आणि प्रसूतीसाठी निघालेल्या स्त्रीचा प्रवास अर्ध्या तासावरून दोन तासांवर जातो.

यावर उपाय म्हणून गावकरी रस्त्याच्या दर्जोन्नतीची मागणी करतात. ग्रामीण मार्गाचा इतर जिल्हा मार्ग आणि त्याचा पुढे प्रमुख जिल्हा मार्ग झाल्यास रस्त्याला नवा क्रमांक व नवा धनी मिळतो. परंतु क्रमांक बदलला म्हणून थर जाड होत नाही. डांबर अंदाजपत्रकातील तरतुदीनेच पडते. दरम्यान जुने कार्यालय हात काढून घेते व नव्याची तरतूद यायची असते. अशा काळातही बाजूची गटारे मोकळी ठेवणे हे सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वाधिक दुर्लक्षित काम आहे. पूर्वी ठरावीक मैलांवर नेमलेले मैलकुली हेच करीत असत. पंतप्रधान ग्राम सडक योजनेने, जी २००० मध्ये सुरू झाली, ठेकेदारावर पाच वर्षांच्या देखभालीची अट घातली, ही तिची खरी जमेची बाजू. सहाव्या वर्षी मात्र तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

उतरंडीच्याही खाली पाणंद रस्ते आहेत. गाव नकाशावर ते तुटक रेषांनी दिसतात, प्रत्यक्षात नांगरटीत अरुंद होत जातात. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमान्वये अडथळा दूर करण्याचा, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ अन्वये बांधावरून वाट देण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे. अडलेल्या शेतकऱ्याने पेरणीपूर्वी, वाट अद्याप ओळखता येत असताना, अर्ज करावा. उभ्या पिकात मोजणी व पाहणी दोन्ही लांबतात.