नाव आणि हाक

मुलाचे बारसे होते, तेव्हा आत्या त्याच्या कानात हळूच नाव सांगते. ते नाव वडीलधाऱ्यांनी पुष्कळ विचार करून निवडलेले असते. कोणी आजोबांचे नाव ठेवतात, कोणी देवाचे. तर कोणी सहसा न आढळणारे एखादे संस्कृत नाव शोधून काढतात. इंद्रनील म्हणजे नीलमणी, ऋतंभरा म्हणजे सत्य धारण करणारी. अशी नावे अर्थाने सुंदर असली, तरी धाकट्या भावंडाच्या जिभेला पेलत नाहीत. मग इंद्रनीलचा नील होतो, ऋतंभराची ऋतू होते. पहिले ते नाव आणि दुसरी ती हाक.

ही रीत फार जुनी आहे. छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेस, गोदावरीच्या काठी, पैठण हे प्राचीन नगर वसले आहे. सोळाव्या शतकात तेथे संत एकनाथ होऊन गेले. आईबाप लवकर निवर्तल्यामुळे आजीआजोबांनी त्यांचा सांभाळ केला. पुढे लहान वयातच ते देवगिरी किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडे शिकावयास गेले. एकनाथ थोर पंडित झाले. परंतु आपल्या अभंगांच्या शेवटी त्यांनी 'एका जनार्दनी' अशी खूण ठेवली. 'एका' हे आपल्या नावाचे छोटे रूप घेऊन त्यांनी त्याला गुरूचे नाव जोडले.

वारकऱ्यांनी तर ज्ञानेश्वरांना ज्ञानोबा केले आणि मुक्ताबाईला मुक्ताई. प्रत्यक्ष विठ्ठलही त्यांचा विठोबा झाला, विठाई झाला. 'बा' म्हणजे बाप. आणि 'विठाई'त तर आईच आहे!

काशीस जन्मलेल्या तांबे यांच्या कन्येचे नाव होते मणिकर्णिका. काशीतील एका प्रसिद्ध घाटाचेही हेच नाव आहे. एवढे मोठे नाव घरात कोण घेणार? घरात ती सर्वांची मनू होती. हीच मनू पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई झाली आणि १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ लढताना धारातीर्थी पडली. लोकमान्य टिळकांचे नाव केशव. पण घरातील 'बाळ' हीच हाक पुढे जगाला ठाऊक झाली. ज्या छत्रपती संभाजी महाराजांचे नाव २०२३ मध्ये औरंगाबाद शहरास देण्यात आले, त्यांनाही महाराष्ट्र प्रेमाने शंभूराजे म्हणतो.

मुलांनो, सर्वच हाका मात्र प्रेमाच्या नसतात. वर्गात नवा मुलगा येतो. हजेरीच्या वेळी त्याचे अपरिचित नाव ऐकून कोणी हसतो, कोणी ते वेडेवाकडे करून त्याला चिडवतो. लाडक्या हाकेने मूल धावत येते. चिडवण्याच्या हाकेने ते मान खाली घालते. दोहोंतील भेद ओळखण्यास दुसरी कसोटी नको.

म्हणून असे नाव कानी पडले, तर प्रथम त्याचा अर्थ विचारावा. मग ते शुद्ध उच्चारावयास शिकावे. शेवटी, "तुला घरी काय म्हणतात? आम्ही तसे म्हटलेले चालेल का?" असे विचारावे. नाव नीट घेण्यात आदर आहे आणि आवडत्या हाकेने बोलावण्यात माया आहे. आपल्या सोबत्याला ही दोन्ही द्यावीत.

स्वाध्याय

१. एकनाथांनी अभंगांत आपल्या नावाला कोणाचे नाव जोडले?
२. 'ज्ञानोबा' आणि 'मुक्ताई' ही रूपे कशी तयार झाली?
३. तुमच्या नावाचा अर्थ घरी विचारा व पाच ओळींत लिहा.