दोन खेचरांवरची माती
(देवाच्या सर्वव्यापकतेविषयी अभ्यासपाठ)

वाचनासाठी शास्त्रभाग : स्तोत्र १३९, २ राजे ५:१५-१९, यहेज्केल ११:१४-२५

देव सर्वव्यापी आहे हे आपल्या संडे स्कूलच्या लहान वर्गालाही ठाऊक असते. "देव कोठे आहे?" असे विचारले की सारी मुले एका सुरात "सगळीकडे!" म्हणून ओरडतात. उत्तर बरोबर आहे. पण ते इतक्या झटकन येते की त्याचा अर्थ पाहण्याचे राहून जाते. पवित्र शास्त्रातील माणसांना ते इतके स्वस्तात मिळाले नाही. कोणाला लढाई हरल्यावर कळले, कोणाला माशाच्या पोटात, तर कोणाला परक्या मुलखात, मंदिरापासून शेकडो कोसांवर.

त्या काळच्या राष्ट्रांची समजूत अशी होती की प्रत्येक देशाचा देव निराळा आणि त्याची सत्ता त्या देशाच्या शिवेपुरती. अहाब राजाशी लढताना अरामी लोक डोंगराळ मुलखात हरले, तेव्हा त्यांच्या मुत्सद्द्यांनी निदान केले की इस्राएलाचा देव डोंगरांचा आहे, सपाटीवर त्याचे काही चालायचे नाही. पुढच्या वर्षी ते अफेकच्या बाजूला सपाटीवर आले आणि तेथेही हरले (१ राजे २०). मुलांना ही गोष्ट फार आवडते. तरी आपल्या वर्गात ती क्वचितच सांगितली जाते.

नामानाची गोष्ट मात्र सर्वांना माहीत आहे. यार्देनेत सात बुडया, कोड बरे झाले, आणि पाठ संपला! पण त्यापुढची ओळ वाचावी. नामान अलीशाकडे दोन खेचरांवर मावेल एवढी माती मागतो. बहुधा त्या मातीवर वेदी बांधण्याचा त्याचा विचार असावा. साऱ्या पृथ्वीवर दुसरा देव नाही असे तो नुकतेच म्हणाला होता, तरी त्या देवाची भक्ती दिमिष्कात करायची तर इस्राएलाची जमीन पायाखाली हवी, असे त्याला वाटले. तोंडची कबुली पुढे गेली होती, मन मागे राहिले होते. अलीशा त्याच्यावर रागावला नाही. त्याने त्याला शांतीने जाऊ दिले. नव्या विश्वासणाऱ्याशी कसे वागावे, याचा हा एक उत्तम धडा आहे.

योना तर संदेष्टा. तरी निनवे पूर्वेला असताना तो याफोस गेला आणि भाडे भरून पश्चिमेकडे जाणाऱ्या तारवात बसला. वादळात खलाशांनी विचारल्यावर त्याने सांगितले, मी समुद्र व कोरडी भूमी उत्पन्न करणाऱ्या स्वर्गीय देवाचा उपासक आहे. ज्याने समुद्र केला त्याच्यापासून समुद्रमार्गे पळून जायचे! सिद्धांत पाठ असणे आणि त्याप्रमाणे पाऊल टाकणे, यांत किती अंतर असते ते येथे दिसते.

आता सर्वव्यापी म्हणजे नेमके काय, हे पाहू. शिक्षक पुष्कळदा हवेचा दाखला देतात : हवा दिसत नाही पण सगळीकडे असते, तसा देव. लहान मुलांपुरता हा दाखला चालेल, पण तो फार ताणू नये. हवा पसरलेली असते. तिचा थोडा भाग या खोलीत, थोडा त्या खोलीत. देव तसा वाटला गेलेला नाही. हिप्पोचा बिशप ऑगस्टिन (३५४-४३०) आपल्या आत्मकथनात सांगतो की तरुणपणी तो देवाची कल्पना एखाद्या अफाट सागरासारखी करी, आणि जग म्हणजे त्या सागरात भिजलेला स्पंज. पुढे त्याला त्यातील चूक उमगली. तसे असते तर चिमणीपेक्षा हत्तीच्या शरीरात देव अधिक मावला असता! देव जेथे आहे तेथे पूर्णपणे आहे. गावातील एकुलत्या एका ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी तो जेवढा आहे, तेवढाच हजार माणसांच्या मंडळीत आहे.

दुसरा एक खुलासा आपल्या देशात करणे अगत्याचे आहे. चराचरात देव भरला आहे, हे बोल आपल्या कानांवर लहानपणापासून पडत असतात, आणि त्यामागची भक्ती खरी असते. परंतु सृष्टी हीच देव, असे शास्त्र म्हणत नाही. देवाने सृष्टी निर्माण केली. तो तिच्यात आहे, तिला धरून आहे, तरी तो तिच्याहून निराळा आहे. अथेनै येथे अरीयपगावर पौलाने हेच दोन्ही बाजूंनी सांगितले. देव हातांनी बांधलेल्या मंदिरात राहत नाही, आणि तो आपणांपैकी कोणापासून दूर नाही. हे सांगताना त्याने ग्रीक कवींचे बोलही आधाराला घेतले. पण तेथेच न थांबता, हाच देव जगाचा न्याय करणार आहे, असे तो म्हणाला (प्रे. कृत्ये १७). जो आपल्याहून निराळा आहे तोच आपला न्याय करू शकतो, आणि त्याच्याचशी आपण बोलूही शकतो.

मग एक अडचण उभी राहते. देव सर्वत्र आहे, तर काइन परमेश्वरासमोरून निघून गेला म्हणजे कोठे गेला? मंदिराची गरज काय? शलमोनालाही हा प्रश्न पडला होता. मंदिराच्या प्रतिष्ठापनेच्या दिवशीच त्याने म्हटले की जो आकाशातही मावत नाही तो या घरात कसा मावेल? आणि लगेच पुढे प्रार्थना केली की तुझी दृष्टी रात्रंदिवस या घराकडे असो. देवाचे असणे एक, आणि आपल्या लोकांना भेटण्यासाठी त्याने प्रगट होणे हे दुसरे. पहिले सर्वत्र सारखे आहे. दुसरे त्याच्या कृपेने व त्याच्या इच्छेप्रमाणे घडते.

या दुसऱ्या गोष्टीची परीक्षा बंदिवासात झाली. इ.स.पूर्व ५९७ साली यहोयाखीन राजाबरोबर जे लोक बाबेलास नेले गेले त्यांत यहेज्केल होता. यरुशलेमेत मागे राहिलेले लोक या बंदिवानांविषयी म्हणत, ते परमेश्वरापासून दूर गेले, देश आता आमचा. पण खबार नदीच्या काठी, खास्द्यांच्या देशात, यहेज्केलाला देवाचे सिंहासन दिसले, आणि त्या सिंहासनाला चाके होती! पुढे त्याने देवाचे तेज मंदिर सोडून पूर्वेच्या डोंगराकडे जाताना पाहिले. मंदिर उभे असताना तेज गेले, आणि ज्यांच्याजवळ मंदिर नव्हते त्यांना देवाने सांगितले की जेथे तुम्ही गेलात तेथे मीच तुमचे पवित्रस्थान झालो आहे. यिर्मयानेही त्याच लोकांना पत्र लिहिले, त्या नगरात घरे बांधा, मळे लावा, आणि त्या नगराच्या कल्याणासाठी परमेश्वराची प्रार्थना करा. म्हणजे बाबेलातून केलेली प्रार्थना ऐकू येत होती. नामानाची माती तेथे कोणी नेली नव्हती.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी मंडळ्यांनी हा भाग पुन्हा पुन्हा वाचावा. आपली गावे, आपली जुनी देवळे, आपली स्मशाने दूर राहिली. आठवण असावी, पण देव तेथे अधिक आणि येथे कमी, असे मनात येऊ देऊ नये.

याच्या उलट टोकाची चूकही आहे. २०२० साली साथीमुळे उपासनामंदिरे बंद झाली आणि कुटुंबांनी घरी बसून प्रार्थना केल्या. देव तेथे होता, याची साक्ष अनेकांनी दिली. पण दारे पुन्हा उघडल्यावर, "देव काय सगळीकडेच आहे," असे म्हणून काही जण घरीच राहिले. दोघे-तिघे आपल्या नावाने जमतील तेथे मी आहे, हे प्रभूचे वचन (मत्तय १८) जमणाऱ्यांना दिलेले आहे. जो आजारी आहे किंवा ज्याच्या गावी मंडळीच नाही, त्याने खंत करू नये. ज्याचे घर चार पावलांवर आहे त्याने या सिद्धांताची पळवाट करू नये.

आता शिक्षकांशी दोन शब्द स्पष्टपणे बोलायचे आहेत. "देव बघतो आहे हं!" हे वाक्य आपण मुलांना कशासाठी ऐकवतो? बहुधा धाक घालण्यासाठी. मुलाच्या मनात मग देव म्हणजे आकाशातील फौजदार होतो, आणि मोठेपणी ते त्याला टाळू लागते. शास्त्रात, पाहणारा देव असे नाव परमेश्वराला कोणी दिले? हागारेने, साराय हिच्या मिसरी दासीने (उत्पत्ती १६). छळामुळे पळालेली, गरोदर, रानातल्या झऱ्याजवळ एकटी बसलेली. कोणाच्या हिशेबी नसलेल्या त्या बाईला देवाने पाहिले, हा तिला धाक नव्हता. स्तोत्र १३९ चाही रोख पाहा. आरंभी स्तोत्रकर्ता म्हणतो, तू मला पारखले आहेस. मध्ये पळून जायला जागा शोधतो. आकाश, अधोलोक, समुद्राचे टोक, अंधार, कोठेच सुटका नाही. आणि शेवटी तोच विनवतो, मला पारख. जे टाळायचे होते तेच तो मागू लागला.

तरी दुःखात असलेल्याला हा सिद्धांत घाईने ऐकवू नये. ईयोब पूर्वेला गेला, पश्चिमेला गेला, उत्तरेला व दक्षिणेला पाहिले, देव दिसला नाही (ईयोब २३). देव नव्हता असे नाही. ईयोबाला तो जाणवत नव्हता. असणे आणि जाणवणे एक नव्हे. लाजराच्या बहिणींनाही हेच बोचले की प्रभू येथे असता तर भाऊ मेला नसता. देहाने तो खरोखरच बेथानीत नव्हता. बेथलेहेमात जन्मून त्याने एका वेळी एकाच ठिकाणी असण्याची मर्यादा स्वीकारली होती. तरीही काना येथे उभा राहून त्याने कफर्णहूमातील मुलगा बरा केला. पुनरुत्थित प्रभूचा देह आता कोठे व कसा आहे, यावर लूथर व झ्विंग्ली यांचे १५२९ साली मार्बुर्ग येथे एकमत होऊ शकले नाही. तो वाद या पाठात नको. आपल्याला एवढे पुरे की आपण जाणे हितकारक आहे असे तो शिष्यांना म्हणाला, कारण मग कैवारी येणार होता. आणि तो आता मार्थेच्या घरी आहे, मरीयेच्या घरी आहे, आणि ज्या इस्पितळात भेटीची वेळ संपून सर्व नातलग बाहेर गेले आहेत तेथेही आहे.

वर्गासाठी : लहानांना हागारेची गोष्ट सांगावी, मधल्या वर्गाला अरामी लोकांची व नामानाची. मोठ्या मुलांना यहेज्केल ११ स्वतः वाचू द्यावा आणि विचारावे, देवाचे तेज कोणाला सोडून गेले व कोणाकडे गेले? उत्तर त्यांनाच शोधू द्यावे. हा पाठ एका रविवारी संपणार नाही.