बाप दोनदा बाहेर येतो

पालकहो, उपवासकाळ लागला की घरोघरी एकच विचारणा असते, ‘यंदा काय सोडलंस?’ कुणी मटण सोडतं, कुणी चॉकलेट, कुणी मोबाइल. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून आलेल्या आपण मोठ्यांनी घरातला राग सोडला का, हे मात्र कुणी विचारत नाही.

उधळ्या पुत्राचा दाखला (लूक, अध्याय 15) आपल्याला पाठ आहे. धाकटा परततो तेव्हा ‘मला मजूर म्हणून ठेव’ असं म्हणायचं त्यानं मनाशी ठरवलेलं असतं. ते वाक्य त्याच्या तोंडून निघतच नाही, त्याआधीच बाप झगा, अंगठी, जोडे मागवतो. आपण मात्र मुलांकडून माफी शेवटच्या शब्दापर्यंत वदवून घेतो. ‘माझ्याकडे बघून बोल. पुन्हा करशील?’ आणि पुढच्या भांडणात तीच चूक परत उगाळतो.

प्रवचनं बहुधा धाकट्यापाशीच संपतात. मला मात्र थोरला सोडत नाही. येशू पाप्यांच्या पंगतीला बसतो म्हणून परूशी आणि शास्त्री कुरकुरत होते. हा दाखला त्यांनाच सांगितलेला, म्हणजे रोख थोरल्यावरही आहेच. शेतावरून येताना त्याला वाजंत्री ऐकू येते, कारण कळतं आणि तो उंबऱ्याबाहेरच अडून बसतो. आत मेजवानी चाललेली, तरी बाप उठून बाहेर येतो आणि त्याची मनधरणी करतो. धाकट्यासाठी धावला, थोरल्यासाठीही निघाला. ‘तू मोठा, तूच समजून घे,’ असं तो म्हणत नाही. तू सदा माझ्याजवळ आहेस, माझं ते सगळं तुझंच, असं सांगतो.

आपल्या घरातलं शहाणं मूल आठवा. वेळेवर उठणारं, सांगितलेलं करणारं. त्याच्याकडे आपलं लक्ष सगळ्यात कमी, कारण त्याची काळजीच नसते! भावाला माफी मिळाली की ते रुसतं आणि आपण त्याला स्वार्थी ठरवतो.

योना संदेष्टाही असाच रुसला होता. निनवेला 40 दिवसांची मुदत होती. लोक पस्तावले, देवानं क्षमा केली आणि योना संतापला. देवानं त्याच्या डोक्यावर सावलीला वेल उगवला, मग तो सुकू दिला. वेलासाठी हळहळणाऱ्या योनाला त्यानं विचारलं, त्या शहरात उजवा-डावा हात न कळणारी 1 लाख 20 हजारांहून जास्त माणसं आहेत, शिवाय गुरंढोरं, त्यांची मला कीव येऊ नये? रागावलेल्या माणसाशी इतकं सावकाश बोलणं मला तरी अजून जमत नाही.

योनाचा राग निवळला का, थोरला आत गेला का, बायबल सांगत नाही. तेव्हा शुक्रवारी क्रुसाच्या वाटेहून परतल्यावर त्या शहाण्या मुलाजवळ जरा बसा. त्याची तक्रार पुरी ऐका. मित्रांसोबत खायला तुम्ही मला कधी करडूसुद्धा दिलं नाहीत, अशी थोरल्याची तक्रार होती. तुमच्या लेकरानंही मागितलंच, तर कबूल करा. फक्त ईस्टरपर्यंत थांब म्हणावं.